करंडा बघून जा

झाशी, १२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार गं. तुला फोनवर ऐकू येत नाही हे या वेळी माझ्या पथ्यावर पडलंय. आमच्याकडे फोन ओसरीवर, सासूबाईंच्या समोर, स्पीकर लावून करायचा असतो. मग मी ‘हो, जेवले, हो, थंडी सुरू झाली’ याच्यापुढे जातच नाही. पत्राचं तसं नाही. भुसावळहून आत्याबाईंचं पत्र आलं की सासूबाई ते फोडतसुद्धा नाहीत, प्रसाद द्यावा तसं हातात देतात. तेव्हा तू लिही, आणि भरपूर लिही.

बातमी अशी, की मी फॉर्म भरला. ओपन स्कूलचा, एकाच विषयाचा: केमिस्ट्री! मकरंदनेच भरून दिला. बाबा गेले त्या वर्षी राहिलेला तो एक विषय निघाला की माझी बारावी सायन्स पुरी होते, आणि मग इथे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याला अर्ज करता येतो. मला तो डिप्लोमा हवाय आत्या. शिक्षणाची फार आस लागलीय वगैरे नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला रोज सकाळी कुठेतरी जायला हवंय.

कारण इथे मी कुठेच जात नाही. मे महिन्यात लग्न होऊन या खंडेराव गेटच्या घरात आले, आणि झाशीचा किल्ला अजून गच्चीवरूनच बघितलाय. सासूबाई वाईट आहेत का? अजिबात नाहीत. दुपारी डोळा लागला तर अंगावर पांघरूण घालतात. तव्यावरची पहिली पोळी माझ्या पानात. पण मी दाराकडे वळले रे वळले की, ‘कहाँ जा रही हो, बहू?’ एरवी मराठी बोलतात, घाबरल्या की हिंदी येते. मग मी म्हणते, कुठे नाही, आणि परत येऊन बसते.

त्यांचा एक नेम आहे. देवघरात कुंकवाचा जुना तांब्याचा करंडा आहे. कोणीही बाहेर निघालं की आधी त्याचं झाकण उघडून त्यांना कुंकू दाखवायचं. सासरे गेल्यापासून त्या स्वतः कुंकवाला हात लावत नाहीत, लांबूनच बघतात. लाल दिसलं की म्हणतात, ‘जा.’ मकरंद मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट आहे, अर्धा बुंदेलखंड इंजिनातून हिंडतो, पण ड्यूटीचा बोलावा आला की बूट हातात धरून आधी देवघरासमोर उभा. मी विचारलं, लाल नसलं तर? म्हणाला, ‘माझ्या आठवणीत तसं झालेलं नाही.’ त्याला निदान करंडा उघडायला कारण तरी असतं.

आता मुद्द्याचं. पुस्तक उघडलं आणि पहिल्याच धड्यात अडकले. अणू, मूलद्रव्य, संयुग. शब्द सगळे ओळखीचे, पण अर्थ विचारशील तर त त प प. मला पायापासून शिकव. आणि लाल शाईने तपास, त्याशिवाय अभ्यास केल्यासारखं वाटत नाही.

तुझी कल्याणी


भुसावळ, २० नोव्हेंबर २०२४

कल्याणी,

अक्षर अगदी बापावर गेलंय तुझं. पाकीट उघडलं आणि क्षणभर वाटलं, भावाचंच पत्र आलं. डोळे पुसले, चष्मा पुसला, आता शिकवणी सुरू.

तांब्याचा तुकडा घे. अर्धा कर. त्याचा अर्धा कर. असं करत करत मनातल्या मनात एवढ्या बारीक कणापाशी पोच, की त्याच्यापुढे फोडलास तर तांबं म्हणून काही उरणारच नाही. तो अणू. ज्या पदार्थात सगळे अणू एकाच जातीचे, ते मूलद्रव्य. वेगवेगळ्या जातींच्या अणूंनी ठरावीक प्रमाणात एकमेकांना धरलं की होतं ते संयुग. आणि नुसतेच शेजारी शेजारी राहिले, धरलं नाही, तर मिश्रण. भेळेत कुरमुरा कुरमुराच राहतो ना, तसं.

संयुगाची गंमत मिठात बघ. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन म्हणजे विषारी वायू. दोघांनी एकमेकांना धरलं की आपण ते वरणात घालतो. तेहतीस वर्षं हे वर्गात सांगितलं, आणि दर वर्षी एक तरी मूल जेवताना मिठाकडे संशयाने बघायचं. मला तेवढं पुरायचं.

गृहपाठ: स्वयंपाकघरातून बाहेर पडता येत नाही म्हणतेस ना? मग तीच आपली प्रयोगशाळा. तिथल्या वस्तूंचे तीन भाग कर: मूलद्रव्य, संयुग, मिश्रण.

आणि सासूबाईंचं म्हणशील तर ते पांघरुणाचं वाचून मला जास्त काळजी वाटली. जी बाई ओरडते तिच्यावर उलट ओरडता येतं. पांघरूण घालणाऱ्या बाईचं काय करायचं? करंडा-बिरंडा सगळं ढोंग आहे. पक्की जेलर आहे ती, किल्ली तेवढी देवाच्या नावाने ठेवलीय. अभ्यास कर.

जानकीआत्या


झाशी, ९ जानेवारी २०२५

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे इतकं धुकं पडलंय की समोरच्या घराची भिंत दिसत नाही. मकरंदच्या गाड्या कुठे कुठे अडकून पडतात, आणि तो येईपर्यंत सासूबाई शेगडीपाशी बसून असतात, मला शेजारी बसवून. मी उठले की, ‘बैठो न, बहू.’

हा घे गृहपाठ. मूलद्रव्य: लोखंडी तवा, ॲल्युमिनियमचं पातेलं, तांब्याचा करंडा, शेगडीतला कोळसा, पितळेचा डबा. संयुग: पाणी, मीठ, साखर, खायचा सोडा. मिश्रण: दूध, चहा, गोडा मसाला, आणि आमच्या घरची भाषा (हे गमतीने).

परवा म्हटलं, पत्राची पेटी गेटपाशीच आहे, मीच टाकून येते. सासूबाई म्हणाल्या, ‘दुर्गा जातेच आहे की बाजारात, ती टाकेल.’ इतकं गोड म्हणाल्या की भांडायला जागाच उरली नाही. दुर्गा म्हणजे शेजारीण. माझी पत्रं तिच्या भाजीच्या पिशवीतून सगळं शहर बघून येतात, आणि मी इथेच.

एक विचारू? मिश्रणात प्रत्येकाचे गुण शाबूत राहतात, संयुगात जातात. मग मी या घरात काय आहे? आधी मी किती बडबडी होते, तूच मला चिमणी म्हणायचीस. आता संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. पेट घेणारा सोडियम मिठात जाऊन गप्प बसतो, तशी झालेय का गं मी? कधी कधी इतका जीव घुसमटतो की गच्चीवर जाऊन नुसतेच पाढे म्हणते, मोठ्याने.

कल्याणी


भुसावळ, १८ जानेवारी २०२५

कल्याणी,

पितळ मूलद्रव्य? समोर असतीस तर कान धरला असता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन धातूंचं मिश्रण. तव्याच्या लोखंडातही थोडा कार्बन असतो, आणि कोळसाही निव्वळ कार्बन नसतो, पण तुझा चेहरा आठवून दोन्ही चालवून घेतलं. बाकी बरोबर.

माणसांचे अणू करू नकोस. गॅदरिंगमध्ये मुलं असली नाटकं बसवायची, तेव्हाही मला आवडायची नाहीत. मी एकच सांगते, आणि ते तुझ्याबद्दल नाही, मिठाबद्दल आहे. मिठात सोडियमचा अणू गप्प असतो, नाहीसा होत नाही. रासायनिक क्रियेत अणू मोडत नाही, त्याने कोणाला धरलंय तेवढंच बदलतं. पुन्हा वेगळा काढला तर तो पुन्हा पेटतो. हे वाक्य अधोरेखित करून ठेव, परीक्षेत येतं.

पाढे म्हणतेस ते वाचून रात्रभर बरं वाटलं नाही. येऊन तुला घेऊन जावं असं शंभर वेळा मनात आलं. पण मग परीक्षा राहील, आणि तू पुन्हा कोणाच्या तरी ओसरीवरच बसशील, माझ्या. तेव्हा नाही येत.

एक गोष्ट तू विसरलीस. केमिस्ट्रीला प्रॅक्टिकल असतं बाई! ते घरात बसून होत नाही. तारीख कळली की त्याच दिवशी घरात सांग.

जानकीआत्या


झाशी, १० मार्च २०२५

आत्या,

आली तारीख. १२ एप्रिल, आणि केंद्र कुठे, तर बबीन्याच्या एका शाळेत. छावणीचं गाव आहे, बसने तासाभराचा रस्ता. मी दिवसभर धीर गोळा केला आणि जेवताना सांगून टाकलं. सासूबाईंचा घास हातात राहिला. मकरंद कधी आईसमोर बोलत नाही, पण मान खाली घालून म्हणाला, ‘आई, एकच तर दिवस आहे.’ मग त्या म्हणाल्या, ‘ठीक आहे. करंडा बघून जा.’

आत्या, मी मोरीत जाऊन नळ सोडून नाचले!

आणि दुसरी गंमत. सासरे गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, या घरात बाजारचं कुंकू येतं. त्याआधी घरीच करायचे. यंदा सुनेची पहिली चैत्रगौर, म्हणून सासूबाईंनी ते माझ्याकडून करून घेतलं. आपण चार हात लांब पाटावर बसल्या आणि तोंडाने सांगत राहिल्या. परातीत हळद घ्यायची, चुन्याची निवळी थोडी थोडी ओतायची आणि मळायची. आत्या, ती पिवळीधमक हळद माझ्या हातात लालभडक झाली आणि मी चक्क ओरडले! सासूबाई हसल्या. इतक्या महिन्यांत त्यांचे दात पहिल्यांदा दिसले. मग लगेच पदर तोंडाला लावला.

हे काय झालं ते सांग, पुस्तकात सापडत नाहीये.

कल्याणी


भुसावळ, १७ मार्च २०२५

कल्याणी,

शाब्बास, चिमणे. झालं ते असं: चुना म्हणजे आम्लारी, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. हळद आम्लारीत लाल होते आणि आम्लात पुन्हा पिवळी. जो पदार्थ असा रंग बदलून चुगली करतो त्याला दर्शक म्हणतात. बबीन्याला बाटलीतला दर्शक देतील, तो आम्लारीत गुलाबी होतो. गोष्ट तीच.

गृहपाठ: चिमूटभर कुंकू बशीत घे, वर लिंबाचा थेंब टाक, काय दिसतं ते कळव. हा गृहपाठ चुकवू नकोस. हाताने करून बघितलेलं माणूस विसरत नाही.

ब्युरेटच्या नळीवरचा आकडा वाचताना डोळा रेषेच्या बरोबर समोर. शेवटी थेंब थेंब. घाई केलीस तर रंग पुढे निघून जाईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

जानकीआत्या


झाशी, २ एप्रिल २०२५

आत्या,

सगळं संपलं. हे स्पीड पोस्टाने पाठवतेय, लगेच उत्तर दे.

परवा गौर बसली. करंडा घासून लखलखीत केला, बाजारचं कुंकू काढून त्यात घरचं भरलं. काल सकाळी मकरंदला ड्यूटीचा बोलावा आला. बूट हातात घेऊन तो उभा, मी झाकण उघडलं, आणि कुंकू पिवळं! कडेने सगळं पिवळं, मधे मळकट तांबूस. सासूबाई मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, ‘लल्ला, बूट खाली ठेव.’ आणि आत्या, त्याने ठेवले. बरं नाही म्हणून कळवून टाकलं. सासूबाईंनी स्वतः उठून दाराला कडी घातली. तेव्हापासून दुर्गासुद्धा खिडकीतून बोलते.

मी बबीन्याचं नाव काढलं तर माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या. ‘नाही जायचं, बहू. तुला काय हवं ते देते, पण नाही जायचं.’ चांगल्या घट्ट धरलेल्या हातांतून हात कसे सोडवून घ्यायचे गं?

खरं सांगू? मीसुद्धा घाबरले. पुस्तक पाठ आहे, तरी त्या क्षणी वाटलं, आज मकरंदला पाठवू नये. तुझा लिंबाचा गृहपाठ मी केला नव्हता. या घरात कुंकवावर लिंबू कोणत्या तोंडाने पिळू? आम्लाने पिवळं होतं हे तू लिहिलंयस, पण देवघरातल्या बंद करंड्यात लिंबू येईल कुठून?

दहा दिवस राहिलेत. या वेळी चुकलं तर पुन्हा मला कोणी फॉर्म भरू देणार नाही.

कल्याणी


भुसावळ, ५ एप्रिल २०२५

कल्याणी,

गृहपाठ न केल्याचं हे फळ. आता रडणं थांबव आणि एका प्रश्नाचं उत्तर दे: करंडा लखलखीत केलास, तो कशाने?

उत्तर मला नको, स्वतःला दे.

ते मिळालं की करंडा पाण्याने स्वच्छ धू, कोरडा कर, कुंकवात थोडी चुन्याची निवळी मळ. लाल होईल. गुपचूप भर, झाकण लाव, १२ तारखेला उघडून दाखव आणि चालू लाग. कोणाला काही सांगू नकोस. जन्मभर मुलांना प्रामाणिकपणा शिकवला, पण हे पत्र बाईंचं नाही, आत्याचं आहे. फसव तिला. तिने तुला कोंडून ठेवलंय, तिचं तू काही देणं लागत नाहीस.

जानकीआत्या


झाशी, ९ एप्रिल २०२५

आत्या,

चिंच!

सासूबाईंची पद्धत अशी, की तांब्याला चिंच चोळायची आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. पाण्याने धुवायचं नाही, डाग पडतात म्हणून. मी अगदी सांगितलं तसं केलं. चिंचेचं आम्ल करंड्याच्या कडेला तसंच राहिलं, आणि त्यावर चुन्याचं कुंकू मी स्वतःच्या हाताने दाबून भरलं.

काल दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर तू सांगितलंस तसं केलं. दिवेलागणीला मीच म्हटलं, आई, एकदा करंडा बघू या का? झाकण उघडलं. लाल. आत्या, त्यांनी गौरीपुढे डोकं टेकलं ते किती वेळ उचललंच नाही. म्हणत होत्या, ‘माफ केलंस, आई, माफ केलंस.’ मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘बबीन्याला जा तू.’

मला उड्या माराव्याशा वाटल्या पाहिजेत ना? मी विचारलं, माफ कशाबद्दल?

मग त्यांनी सांगितलं. माझे सासरे, दीनानाथ, रेल्वेतच होते, लाइनीच्या तपासणीवर. त्या वर्षी चैत्रगौर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कुंकू लावायला करंडा उघडला तर पिवळं पडलेलं. नवरा दारात उभा, निघायच्या घाईत. आदल्या दिवशी दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं, म्हणून या बोलल्या नाहीत. झाकण लावून टाकलं. दुपारी निरोप आला, की चिरगावच्या अलीकडे रुळांवरच छातीत कळ येऊन गेले. म्हणाल्या, ‘देवीने मला सांगितलं होतं, बहू, आणि मी तोंड बंद ठेवलं. मीच त्यांना पाठवलं.’

आत्या, तू म्हणतेस तशी ती किल्ली त्यांच्याकडे असती तर मी नक्की फसवलं असतं. पण त्या माझ्यापेक्षा आतल्या खोलीत बसल्यात, अठरा वर्षं. मला तशीच कडी लावून बाहेर पडता येईना. मी विचारलं, त्या वर्षी करंडा कोणी घासला होता? म्हणाल्या, ‘मीच. दर वर्षी सासूबाई घासायच्या, त्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पहिल्यांदाच मी घासला, माझ्या माहेरच्या रीतीने.’ आणि धुतला होता? ‘धुवायचा कशाला? डाग पडतात.’

मग मी सांगितलं. म्हटलं, आई, देवीने माफ केलं नाही, कारण ती रागावलीच नव्हती. हे लाल मी केलंय. बशीत कुंकू घेतलं, चिंचेचा कोळ टाकला, पिवळं. निवळी टाकली, लाल. आजचा करंडा, तेव्हाचा करंडा, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मला जवळ घेतील.

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आज सकाळपासून एक शब्द बोललेल्या नाहीत. चहा नेला तर भिंतीकडे तोंड. मकरंद चिडलाय. म्हणतो, ‘परवानगी मिळाली होती ना? मग काय गरज होती?’ त्याचंही बरोबर आहे. आता मी कोणाला विचारून जाऊ? न विचारता गेले तर त्या एकट्या घरात काय करून घेतील कोण जाणे. हातात आलेली सुटका मीच घालवली गं. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, आणि याचाच मला राग येतोय.

कल्याणी


बबीना, १२ एप्रिल २०२५

जानकीबाई जी,

नमस्ते. मी गोदूबाई, कल्याणीची सास. तुम्हांला माझी चिठ्ठी बघून नवल वाटेल. कागद-पेन बहूने दिलं, म्हणाली, बसल्या बसल्या आत्याला लिहा, वेळ जाईल. ती आत शाळेत आहे. मी फाटकासमोर चहाच्या टपरीच्या बाकावर बसलेय. फौजेच्या गाड्या सारख्या जातात, धूळ उडते, कागदावर दिसेल तुम्हांला. मराठी लिहायची सवय सुटलीय, सांभाळून घ्या.

तुमच्या चिठ्ठ्या मी कधी वाचल्या नाहीत. पण माझ्याबद्दल तुम्ही काय लिहिलं असेल ते मला समजतं. चूक नसणार.

मी दोन दिवस बोलले नाही. बहूला वाटलं रुसले. रुसले नव्हते जी, आधी खूप राग आला. वाटलं, कालची आलेली ही पोरगी, मला शिकवते? मग परवा दुपारी ती झोपली होती, मी उठले, फडताळातून कुंकू काढलं, चिंच घेतली, चुना घेतला. कुंकवाला बोट लावायचं होतं. ते गेल्यापासून लावलं नव्हतं. लावलं. चिंच टाकली, पिवळं. चुना टाकला, लाल. परत चिंच. परत चुना. बशी भरली तर दुसरी घेतली. देवी कुठे मधे आलीच नाही. मी वेडीसारखी करत राहिले आणि रडत राहिले. बहू केव्हा येऊन शेजारी बसली मला कळलं नाही. ती चुन्याची वाटी धरून बसली.

आणि बाजारचं कुंकू! त्यावरही टाकून बघितलं. बहू म्हणते त्यात हळद नाहीच, नुसता रंग आहे, काही करा, तो बदलत नाही. अठरा वर्षं रोज सकाळी मी त्याला विचारत होते, जाऊ देऊ का? तो बिचारा कधी नाही म्हणणार होता? आणि मी समजत होते, माझ्या पहाऱ्यामुळे लल्ला सुखरूप घरी येतो.

आज करंडा उघडला नाही. लल्ला पहाटे कानपूरच्या बाजूला गेला, बूट घालून थेट दारातून बाहेर. माझा पाय मात्र उंबऱ्यावर अडला. बहू खाली उतरून उभी राहिली होती, घड्याळ बघत होती, पण घाई नाही केली तिने. मी म्हटलं, मीपण येते, एकटी घरात राहिले तर परत उघडून बघेन. बसमध्ये खिडकीजवळ मला बसवलं. भीती गेली असं म्हणणार नाही. लल्लाची गाडी येईपर्यंत जीव टांगलेलाच राहील. तो माझा मी सांभाळीन, त्यासाठी या दोघांना बांधून ठेवणार नाही.

एक गोष्ट तुम्हांला सांगते, बहूला अजून सांगितली नाही. ते का गेले, थांबवलं असतं तर वाचले असते का, हे चिंच-चुन्याने समजत नाही, ते मलाही कळतं. पण इतकी वर्षं मी अशी बाई होते जिला देवीने सांगितलं आणि जिने ऐकलं नाही. त्या पापाने मी कोणाला दाराबाहेर जाऊ दिलं नाही. आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं, जानकीबाई. त्या सकाळी मी फक्त करंडा धुतला नव्हता.

घंटा झाली. फाटक उघडलं, पोरं-पोरी बाहेर येताहेत. बहू दिसली. इकडे तिकडे बघतेय, तिला वाटत असेल मी घाबरून परतीची बस धरली. उठून उभी राहते, म्हणजे तिला दिसेन.

गोदूबाई